वडाचा कौल

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती गेली, तरी नाही. चारचौघांत झाडांचा विषय निघाला की मी उठून पाणी प्यायला जातो — तहान नसताना. आज तुमच्यापुढे बोलतोय, तेही दातओठ खात. राग कुणावर? ऐका, म्हणजे कळेल.

पन्नास सालच्या पुढची गोष्ट. शाहूपुरीच्या मागं आमच्या गल्लीत वीज यायची होती, आणि त्या लाइनवरचा ओव्हरसियर मी. गल्लीतलाच पोरगा साहेब झालेला, त्यामुळे मान जरा जास्तच ताठ. लोकांना वीज हवी होती — का नसावी? रॉकेलच्या धुरात पोरांनी किती दिवस डोळे फोडायचे? विजेला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण ‘सुधारणा म्हटली की झाडं जायचीच’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. कारण हे वाक्य तेव्हा गल्लीभर मीच वाटत फिरलो होतो, आणि ते खोटं होतं.

गल्लीच्या तोंडाशी वड होता. जुना, डेरेदार. बुंध्याशी शेंदूर फासलेला देव, आणि देवाशेजारी हौसाक्का ताक विकायला बसायची. गूळ घेऊन आलेल्या बैलगाड्या त्या सावलीला सुटायच्या, गाडीवान ताक प्यायचे, त्यावर तिची चूल पेटायची. नवरा नाही, मूलबाळ नाही. सकाळी देवाला पाणी घातल्याशिवाय ती मडक्यावरचं फडकं काढत नसे.

तारा वडाच्या बाजूनं न्यायच्या हे मी ठरवलं. समोरच्या बाजूनं जमलं नसतं? आरामात जमलं असतं. वडाची फांदीसुद्धा तुटली नसती. पण मग एक खांब माझ्या दारात आला असता — नुकत्याच बांधलेल्या माझ्या कट्ट्यासमोर. एवढंच कारण. हसू येतंय? मला नाही येत.

हौसाक्का भांडायला उठली. “लाईट आणा की, कोण नगं म्हणतंय? पर झाडानं तुमचं काय घोडं मारलंय?” गल्लीत दोन तट पडले. शेवटी जुन्या मंडळींनी तोडगा काढला — देवाला कौल लावायचा. देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं, झाड काढू का? उजवी आधी पडली तर काढा. डावी पडली तर झाडाला कुणी हात लावायचा नाही.

पाकळ्या लावायच्या कुणी? मी मनात म्हणत होतो, काय हा अडाणीपणा — आणि हौसाक्काच पुढं होऊन म्हणाली, “सायबास्नी लावू द्या. शिकल्यालं माणूस हाय, देवाफुडं लबाडी करायचं न्हाय.”

मी वडाचं एक पान खुडलं. देठातून पांढरा चीक आला, तो बोटावर घेतला. डावी पाकळी त्या चिकानं चिकटवली, उजवी नुसत्या पाण्यानं. ज्याचा गळा कापायचा त्याच्याच चिकानं! कुणाच्या लक्षात आलं? कुणाच्याही नाही. साहेबाच्या बोटांकडे कोण बघतो?

उजवी पडली. हौसाक्कानं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तिनं मडकं उचललं आणि ती बाजूला सरकली. देवानंच सांगितल्यावर भांडायचं कुणाशी?

वड पडला, दिवे लागले, माझ्या गळ्यात हार पडला. मी तो घालून मिरवलोही — निर्लज्जासारखा. उन्हात गाड्या कशाला थांबतील? त्या पुढं जाऊन सुटू लागल्या. हौसाक्काचं ताक मडक्यातच आंबायला लागलं. मग ती बसायची बंद झाली आणि लोकांची भांडी घासू लागली. देवाला पाणी घालायलाही परत आली नाही. तो दगड तिथंच धूळ खात राहिला.

एकदा ती माझ्या कट्ट्याशी थांबली. त्याच कट्ट्याशी. खाली बघत म्हणाली, “सायेब, रोज पाणी घाटलं वो मी त्येला. माझ्याकडनं काय चुकलं आसंल?”

तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं? आम्ही दोघंच होतो. ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, “देवाची इच्छा, अक्का.” आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

जीभ कशी झडली नाही माझी! झाड तोडलं ते तोडलंच. पण त्या बाईपाशी एक देव होता, तोही मी काढून घेतला — आणि वर त्याचंच नाव पुढं केलं. मरेपर्यंत ती स्वतःची चूक शोधत राहिली. गल्लीत जो भेटेल त्याला तेच विचारायची. मी दिसलो की मात्र विचारायची नाही. तिला वाटायचं, साहेबांनी एकदा उत्तर दिलंय.

कट्टा अजून आहे. समोर खांब नाही. संध्याकाळी तिथं वारा चांगला येतो, आणि मी बसतोही.

हौसाक्काचं काही चुकलं नव्हतं.