बाळंतखोलीतली दहावी

वालूरच्या आमच्या शाळेत किस्से कधी कमी पडत नाहीत. मधल्या सुट्टीत डबे उघडले, की एकीचा संपायच्या आत दुसरीला नवा आठवतो. मी बोलते कमी. पण ऐकलेलं विसरत नाही.

आमची शाळा निजामाच्या काळातल्या दगडी दवाखान्यात भरते. दवाखाना स्टँडजवळ नव्या बिल्डिंगमध्ये गेला, पण खोल्यांची नावं इथंच राहिली. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या बाकावरच्या कल्पनाला विचारलं, "कुठल्या वर्गात आहेस?"

"बाळंतखोलीत, सर!"

साहेब थेट हेडमास्तरांच्या खोलीकडे निघाले.

*

एका बाजारच्या दिवशी एक मेंढपाळ आजोबा थेट हेडमास्तरांसमोर बसले आणि त्यांनी जीभ बाहेर काढली.

"बाबा, ही शाळा आहे. मी हेडमास्तर!"

आजोबांनी जीभ आत घेतली. "मंग मोठ्या डॉक्टरला बोलवा की!"

*

आमच्या वर्गाच्या भिंतीवर कुंकवाची बोटं आहेत. इथं बाळंत झालेल्या बायका पाचवीला सटवाई पुजायच्या आणि भिंतीला पाच बोटं लावायच्या. कितीही चुना मारा, पावसाळ्यात ती पुन्हा वर येतात.

गणिताच्या सरांनी नापास झाली म्हणून कल्पनाला झापलं, तर दुसऱ्या दिवशी तिची आजी वर्गात हजर!

"सटवाईनं हिचं ह्याच खोलीत लिहिलंय. तुमी खाडाखोड करू नका, गुरुजी!"

*

सगळ्यांच्या आयांनी आपापली बोटं दाखवून ठेवलीत. कल्पनाच्या आईची खिडकीपाशी आहेत. माझी आई मी लहान असतानाच गेली. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "गडी माणसाला आत कोन सोडतंय?"

म्हणून कल्पनाची आजी वर्गात आली, त्या दिवशी मी धीर करून तिलाच विचारलं.

"तुझी आई लय उंच, माय. समद्यांच्या वर लावली तिनं. ती काय, फळ्यामागं!"

गणिताचे सर शेजारीच हजेरी मांडत होते. फळा भिंतीला खिळ्यांनी ठोकलेला. तेव्हापासून मी फळ्यावरची गणितं कमी आणि फळाच जास्त पाहिला.

*

दिवाळीआधी भिंतींना सिमेंटचा गिलावा करायचं ठरलं. गवंड्यानं फळा काढून व्हरांड्यात ठेवला. आम्हाला निंबाखाली बसवलं. मला एकदाच आत जाऊन बघायचं होतं, पण विचारायला पाय उचलेना. आत सिमेंट कालवल्याचा आवाज यायला लागला.

गणिताचे सर दारात आले. "सुमन, फळा पुसून टाक."

मी व्हरांड्यातल्या फळ्याकडे निघाले.

"तो नाही. आतला."

आत फळ्याच्या जागी, उंचावर पाच बोटं होती. माझा हात पुरेना. सरांनी खुर्ची भिंतीपाशी सरकवली आणि गवंड्याला म्हणाले, "चला मिस्त्री, आधी चहा घेऊन येऊ!"