दोन दगडांची जोडी

लग्न झाल्यावर मी पुसदजवळ सासऱ्यांच्या गावी राहायला आलो, तो त्यांचा वस्तरा हाती घ्यायलाच. त्यांचा हात कापू लागला होता. शेजारच्या बंजारा तांड्याची हजामत त्यांच्या घराकडे होती आणि ती टिकली तरच आमची चूल पेटणार होती. अशात तांड्याच्या नायकानं मुलाच्या लग्नाचा निरोप धाडला, "नवरदेवाच्या गालावर रक्ताचा थेंब दिसला, तर अपशकुन. मंग पुढं पुसदचाच न्हावी बोलावीन."

हात माझा पक्का होता. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. शंका होती ती धारेच्या दगडाची. त्यावर वस्तरा घासला की दोन्ही टोकांना धार चढे आणि मधला भाग बोथट राही.

"मामाजी, दगड मधात खोल गेला," मी म्हटलं.

"काहून जाईन? दोन्ही दगड एकमेकांवर घासून ठेवतो मी. दाखवा सुईभर फट!"

फट खरंच नव्हती. दगडावर दगड घासायची त्यांच्या घराची रीतच होती, आणि मला तर हसूच आलं. एक दगड खोलगट, दुसऱ्याचं पोट सुटलेलं. जोडी जमणारच की!

"जोडी झकास हाये, पण दोघंही वाकडे," मी म्हणालो. सासरे तडकून आत गेले.

मी अंगणातली शहाबादी फरशी सपाट आहे का ते ताणलेल्या दोऱ्यानं पारखलं, तिच्यावर ओली वाळू पसरली. चुलीतल्या कोळशानं दगडावर रेघा ओढल्या आणि घासायला बसलो. कडेच्या रेघा लगेच गेल्या, मधल्या काळ्याच्या काळ्या. सासरे दारात येऊन बघत होते. आपल्या वडिलांचा दगड झिजताना बघून त्यांचे डोळे भरले. मला वाईट वाटलं, पण हात थांबवला नाही. पुन्हा पुन्हा रेघा ओढून घासत राहिलो आणि साऱ्या एकदम पुसल्या गेल्या तेव्हाच उठलो.

लग्नाच्या सकाळी बायका गोरबोलीत गाणी म्हणत होत्या. सासऱ्यांना शेजारी बसवून मी नवरदेवाची दाढी केली. नायकानं पोराच्या दोन्ही गालांवरून तळवा फिरवला, तळव्याकडे पाहिलं आणि स्वतःच पाटावर येऊन बसला. त्याच्या दाढीला आजवर सासऱ्यांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. सवयीनं तो त्यांच्याकडेच वळला.

सासऱ्यांनी पाण्याची वाटी उचलली आणि थरथरत्या बोटांनी त्याची हनुवटी भिजवली.

"मान वर करा, नायकबा," ते म्हणाले. "वस्तरा जवाईच्या हातात हाये."