दत्तूने कापलेले एकवीस दिवस

माझा धाकटा भाऊ दत्तू गेला, त्याला दीड महिना झाला. निरोप आला तेव्हा मी ज्वारी पाखडत होते. सूपभर राहिली होती, ती संपवली, मग त्याच्या गावाची, मिरजगावची एसटी धरली. लोकांना ते बरं वाटलं नाही. पण पाच वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते, आणि का, ते सगळ्या गावाला मीच सांगितलं होतं.

दत्तू लग्नाचं शूटिंग करायचा. एकदा चाऱ्यावर संशोधन करणाऱ्या एका साहेबांनी त्याला बोलावलं. गव्हाच्या काडावर युरियाचं पाणी शिंपडून ते झाकून ठेवलं, की दुष्काळात तेच जनावरांना चारा म्हणून चालतं, असा त्यांचा प्रयोग. कॅसेट झाली आणि साहेबांच्या कपाटात गेली. दत्तूने एक प्रत ठेवून घेतली आणि गावोगाव टीव्ही नेऊन फुकट दाखवू लागला. साहेब चिडले, म्हणाले, आधी आमचं संशोधन छापून येऊ दे. हा तोंडावर बोलून आला, "कपाट काय चारा खातं व्हय, साहेब?"

आमच्या गल्लीतही त्याने ती दाखवली. काड झाकल्यावर एकवीस दिवस थांबायचं असतं, नाहीतर युरिया जनावराला विषासारखा बाधतो. पण लग्नातल्या पंगती कापाव्यात तसं दत्तूने ते थांबणं कापून टाकलं होतं. माणसाने युरिया शिंपडला, पडद्यावर गुलाबाचं फूल उमललं, आणि गाय चारा खायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिंपडलं, दुपारी गाईपुढे टाकलं. दिवस मावळायच्या आत ती पाय झाडत मेली. गाभण होती...

कळताच दत्तू गावाहून धावत आला. "आक्का, चुकलं माझं."

"चुकलं न्हाई, तू मारलीस. आता हिचंबी शूटिंग कर. वर फूल टाक!"

मुद्दाम गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. पुढे तो दिसला की माणसं हंबरायची. लग्नाची कामंही गेली. मला वाईट वाटलं नाही.

दहाव्याला त्याच्या बायकोने, सुमनने, तीच चाऱ्याची कॅसेट लावली.

"सुतकात टीव्ही लावतीस?"

"बघा तरी वन्सं. पाच वर्षं हेच घिऊन हिंडत हुते."

फूल काढलं होतं. त्या जागी दत्तू स्वतः उभा होता. म्हणत होता, "हितं एकवीस दिस थांबा. मी हे कापलं, म्हनून माझ्या बहिणीची गाय मेली. तिला कुनी सांगितलं न्हवतं."

सांगितलं होतं. आमच्या गल्लीत कॅसेट दाखवली त्या दिवशी, टीव्ही बंद केल्यावर त्याने एकेकीच्या हातात मराठीत लिहिलेला कागद दिला होता. एकवीस दिवस, असं त्यावर मोठ्या अक्षरात होतं. मी चौथी शिकलेले आहे, मला वाचता येतं. पण टीव्हीवर बघितलंय की सगळं, म्हणून गल्लीतल्या बाकीच्या बायकांसारखाच मीही तो न वाचताच चुलीत घातला. मेलेल्या गाईपाशी दत्तूने हळूच विचारलं होतं, "आक्का, कागद वाचला न्हाईस?"

आणि मी सगळ्या गल्लीकडे बघून म्हणाले होते, "कसला कागद?"