रफिकभाई आणि माझी सही

रफिकभाईंना कंपनीतून काढलं ते माझ्या सहीने.

काल रात्री ते गेले. हार्ट अटॅक. आज जुन्नरला माती झाली.

ते आमच्या युनियनचे सेक्रेटरी. मेन्टेनन्सला फिटर. कंपनी आंबेगाव तालुक्यात, मी पिंपरी पेंढारहून बाइकवर ये-जा करतो.

तेव्हा पगारकराराची बोलणी चालू होती. नव्या कायद्याने मस्टरवरचे एक्कावन्न टक्के कामगार मागे असले, तरच युनियनचा शब्द चालतो. आमच्याकडे जेमतेम तेवढे होते. रफिकभाईंनी घरोघर फिरून जमवलेले.

त्यात पॅकिंगचा धोंडिभाऊ साप चावून गेला. तिकडे डोंगरातल्या तळेघरचा.

तिकडे एसटी किती जातात, तुम्हाला माहीत आहे. मातीला जायचं म्हणजे पूर्ण दिवस. मी ग्रुपवर मेसेज टाकला, उद्या सगळ्यांनी रजा टाका, एकानेही मागं राहू नका.

मी टाकला. रफिकभाईंनी फक्त विचारलं, अर्ज दिलेत का सगळ्यांनी?

निम्म्याहून जास्त कंपनी तळेघरला होती.

दुसऱ्या दिवशी गेटवर नोटीस. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली, तर कायद्याने तो संप. आधी नोटीस दिली नाही, म्हणून बेकायदेशीर.

आम्ही खांदा द्यायला गेलो होतो. कागदावर संपावर होतो.

एचआरने एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. मी तेव्हा टेम्पररी होतो. माझ्यासमोर परमनंटचं लेटर ठेवलं. शेजारी माझ्या नावाने टाइप केलेलं स्टेटमेंट: रजेसाठी आम्हाला रफिक यांनी भडकवलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "मेसेज कोणी टाकला, ते आम्हाला शोधायला लावू नका."

मी सही केली. युनियन सोडल्याच्या फॉर्मवरही केली.

बऱ्याच जणांनी केली. एक्कावन्न टक्के गेले. कंपनीने दुसरी युनियन उभी केली आणि करार तिच्याशी झाला.

चौकशीत माझं स्टेटमेंट रफिकभाईंसमोर वाचलं. अधिकाऱ्याने विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का?

माझा मेसेज त्यांच्या फोनमध्ये होता. फोन टेबलावर होता.

ते म्हणाले, "काय नाय इचारायचं. जाऊ द्या त्याला, शिफ्ट असंल त्याची."

त्यांना काढलं. मी परमनंट झालो.

नंतर ते जुन्नरला ग्रिलच्या दुकानात वेल्डिंग करायचे. एकदा मी तिथे गेलो. म्हणालो, भाई, तुम्ही मला वाचवलंत.

"तुला वाचवलं नाय," ते म्हणाले. "तुलाबी काढलं असतं तर आपली फिट्टंफाट झाली असती. ती मला नको व्हती."

आणि वेल्डिंग सुरू केलं. ठिणग्या उडायला लागल्या तसा मी मागं सरकलो. त्यांनी परत वर बघितलं नाही.

आज दुपारच्या नमाजानंतर माती होती. सकाळपासून सुपरवायझर लाइनवर फिरून विचारत होता, कोणाला रजा पाहिजे का? लई गोड आवाजात.

कोणी मान वर केली नाही.

मीही नाही. आता तर मी परमनंट आहे.

साडेतीनला शिफ्ट सुटली. जुन्नरला पोचलो तेव्हा कब्रस्तानातून शेवटची माणसं परतत होती. रफिकभाईंच्या मुलाने मला ओळखलं. बाजूने निघून गेला.

रफिकभाईंनी कोणालाही भडकवलं नव्हतं. हे चौकशीत बोलायचं होतं. आज बोलतोय, जेव्हा त्यांना काही उपयोग नाही आणि मला काही धोका नाही.

श्रद्धांजली वाहायचा हक्क मला नाही. ज्यांना आहे, त्यांनी वाहावी.

जा, भाई.