राजरत्न भालेरावांची वही

शहाडला राजरत्न भालेरावांचा डाय, म्हणजे साचे, बनवायचा छोटा कारखाना. तीस वर्षांत त्यांनी कुणाच्या मापावर विश्वास ठेवला नव्हता. गिऱ्हाइकानं दिलेला आकडाही ते स्वतः मोजल्याशिवाय धरत नसत. तरी मिक्सरच्या झाकणाच्या डायमध्ये फसले. ड्रॉइंग त्यांचं, ते दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही असं करारात लिहिलेलं. आणि गिऱ्हाईक असलेल्या त्र्यंबकशेठच्या कंपनीनं त्याच ड्रॉइंगवरून डाय परस्पर दुसरीकडून बनवून घेतली.

वकील स्वप्ना म्हणाली, "काका, ही केस ठाण्याला व्यापारी कोर्टात चालेल. धंद्यातल्या भांडणांसाठी वेगळं कोर्ट आहे ते."

"वेगळं कशाला? शेठ लोकांची सोय असणार."

"उलट तिथं तारखा लांबवता येत नाहीत. फक्त एक करा, असतील तेवढे कागद आत्ताच द्या. मागून आणलेला कागद सहसा घेत नाहीत."

राजरत्ननी सगळं दिलं, फक्त ड्रॉइंगची मूळ वही सोडून. कारण आदल्याच दिवशी त्यांनी स्वप्नाला कोर्टाबाहेर शेठच्या वकिलासोबत चहा पिताना बघितलेलं. दोघं हसत होते. वही त्यांनी घरी गाद्यांच्या खाली सरकवली आणि बायकोलाही सांगितलं नाही.

दावा दाखल झाला. शेठनं उत्तर दिलं, की ड्रॉइंग आमच्या चिराग इंजिनिअरचं, भालेरावांकडे असेल तर मूळ दाखवावं. बाहेर येऊन राजरत्न स्वप्नाजवळ पुटपुटले, "मॅडम, मूळ वही आहे माझ्याकडे."

"आत्ता सांगताय?"

"तुम्ही त्यांच्या वकिलाबरोबर हसत होतात ना."

स्वप्ना म्हणाली, "कॉलेजपासून ओळखते मी त्याला. आजवर चार केसेस हरलाय माझ्याकडून." तिनं वही उशिरा दाखल करून घेण्याचा अर्ज लिहायला घेतला. ती आता काय थाप मारणार, वही हरवली होती म्हणणार की घर बदललं म्हणणार, हेच राजरत्न ताडत राहिले. तिनं कारणाची जागा कोरी ठेवली. "खरं कारण तुम्हीच सांगा."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, वही आधी का दिली नाही?

राजरत्न उभे राहिले. "मॅडम, माझा माझ्या वकिलावर विश्वास नव्हता."

"आता आहे?"

त्यांनी स्वप्नाकडे बघितलं. "निम्मा."

मागं कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शेठच्या वकिलाचंही म्हणणं ऐकलं, वही दाखल करून घेतली आणि बजावलं, "यापुढं एकही कागद येणार नाही."

वहीत एका कडेची गोलाई आधी चुकलेली होती, ती खोडून तारखेसह दुरुस्त केलेली. ती दुरुस्ती का करावी लागली, ते उलटतपासणीत चिरागला सांगता आलं नाही. राजरत्ननी सांगितलं, पहिलं झाकण वाफेनं चिकटून बसलेलं म्हणून.

वर्षाच्या आत निकाल लागला. त्या डायवर कंपनीला एकही झाकण बनवायला बंदी झाली.

निकालाची प्रत घेऊन राजरत्न आधी कल्याणच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडे गेले, ओळ न ओळ वाचून घेतली, आणि मगच स्वप्नाच्या ऑफिसात पेढे ठेवले.

"दुसऱ्याकडून तपासून आणला," त्यांनी आपणहून सांगितलं.

"काय म्हणाले ते?"

"बरोबर आहे म्हणाले. पण शेठ अपिलात जाईल."

"जाईलच," स्वप्ना म्हणाली आणि पेढ्यांचा खोका उघडला.