विचारवंत रजेवर असताना

पुण्यात ब्लॉग लिहिणारे शेकड्यांनी असतील, पण एकही लेख लिहिण्याआधी प्रसिद्धीला कंटाळलेला ब्लॉगर माझ्या बायकोच्या थोरल्या भावाशिवाय दुसरा झालेला नाही. ब्लॉग काढायचं ठरलं त्याच आठवड्यात ते मंडईत काळा चष्मा लावून जाऊ लागले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लोक ओळखतात हो, मग थांबावं लागतं." त्या दिवशी त्यांना हाका मारून थांबवलं ते एकट्या कोथिंबीरवाल्या मावशींनी, तेही पिशवी तिथेच विसरून निघाले होते म्हणून. पण मावशी आपल्या वाचक असाव्यात अशी शंका त्यांना बरेच दिवस होती.

दादा (बायको म्हणते म्हणून मीही त्यांना दादाच म्हणतो) वाघोलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. सदाशिव पेठेतून रोज स्कूटरवर जायचं, मुलांसाठी द्रावणं तयार करायची, काचेची भांडी मोजून द्यायची आणि संध्याकाळी धुऊन जागच्या जागी ठेवायची, हे काम ते गेली पंचवीस वर्षं करत आहेत. ब्लॉगवर मात्र याबद्दल अवाक्षर नाही. कुठल्याशा रविवारच्या कार्यशाळेत त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की लिखाण नंतर, आधी सेल्फ-इमेज. आपण स्वतःला जसे पाहतो तसे लोक आपल्याला पाहतात. दादांनी हे इतकं मनावर घेतलं, की पहिले चार महिने ते फक्त स्वतःला पाहतच होते. ब्लॉगवर 'माझ्याविषयी' नावाचं एकच पान होतं, आणि ते दर रविवारी नव्याने लिहिलं जायचं.

सुरुवातीला ते विचारवंत होते. त्यासाठी हनुवटीखाली मूठ आणि खांद्यावर शाल असा फोटो काढला, ऐन मे महिन्यात, पंखा बंद करून, कारण पंख्याने शाल उडायची. घामाने डबडबलेला तो चेहरा चिंतनात बुडालेला खराच वाटायचा. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो विचारवंत, दूध उतू जातंय, तेवढं चिंतन करा!" पुढे ते भटके झाले. पर्वतीवर पाठीला भलीमोठी सॅक लावून फोटो निघाला. सॅकमध्ये दोन उशा आणि एक दुलई होती. मधल्या पायरीवर सॅकसकट दुलई उसवली आणि कापूस वाऱ्यावर निघाला, तेव्हा भटकंती संपली. मग खवय्ये झाले. यात अडचण एवढीच, की मिसळ नुसती पाहिली तरी त्यांना आम्लपित्त होतं. शेवटी मिसळीसमोर बसून फोटो काढायचा आणि मिसळ मी खायची, अशी वाटणी झाली. त्या काळाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

लेख म्हणाल तर अधूनमधून येत. 'यशाचं शिखर आणि आपण', 'मौनाचे पैलू' असले. ते वाचायचो आम्ही तिघं, मी, बायको आणि वहिनी, तेही एकमेकांना फोन करून हसायला. दादांनाही ते माहीत होतं. आमच्या घरात माणसावर प्रेम आहे हे त्याची टिंगल करून सांगायची पद्धत आहे. कौतुक केलं तर समोरचा घाबरतो, आपल्याला काही झालंय की काय म्हणून.

मागच्या पावसाळ्यात दादांना चिकुनगुनिया झाला. सांधे धरलेले, दाढी वाढलेली, फोटो काढण्यासारखी स्थिती नव्हती. तरी पडल्यापडल्या एका बोटाने त्यांनी मोबाईलवर एक लेख लिहिला आणि फोटोशिवायच टाकला. लेख प्रयोगशाळेवर होता. ब्युरेट नावाची लांब काचेची नळी फोडलेलं पोर कसं ओळखायचं, याबद्दल. ते पोर टेबलापासून दूर उभं राहून उगाच वहीत बघतं. मग आपण काही न बोलता दुसरी ब्युरेट त्याच्या स्टँडला लावून पुढे जायचं, कारण पहिल्या वर्षाच्या मुलाचे हात घरापासून लांब आल्यामुळेच थरथरत असतात. एवढाच लेख. बायकोने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि त्या दिवशी आम्ही कुणालाच हसायला फोन केला नाही.

दोन दिवसांत खाली अनोळखी माणसं लिहू लागली. हिंजवडीत नोकरीला असलेल्या कुणीतरी लिहिलं, "सर, त्यातली एक ब्युरेट माझी होती." आणखी कुणी, "माझ्या तर दोन." दादांना आयुष्यात पहिल्यांदा खरे वाचक मिळाले होते. रविवारी आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. काळा चष्मा नव्हता, शाल नव्हती. मला म्हणाले, "सुधीरराव, कसा वाटला?" इतक्या हळू आवाजात त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. आणि मी, सवयीने, म्हणालो, "बरा आहे. विचारवंत रजेवर गेलेले दिसतात, बदली कामगार आलाय."

सगळे हसलो. दादा सगळ्यांत मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख ब्लॉगवरून गेलेला होता, आणि त्याच्या जागी शाल पांघरलेला जुना फोटो होता.

आठवड्याने वहिनींचा फोन आला. मला वाटलं, नव्या लेखावर हसायचं असेल. पण त्या म्हणाल्या, "भावजी, तुमच्याकडे आहे का हो तो ब्युरेटचा लेख? मी चिडवायच्या नादात अर्धाच वाचला." माझ्याकडे नव्हता. फार वाईट वाटलं. मग दादांनाच फोन लावला. ते पुन्हा कामावर जाऊ लागले होते, पलीकडे भांडी धुतल्याचा आवाज येत होता. काही प्रस्तावना न करता मी म्हणालो, "दादा, तो लेख फार चांगला होता. परत टाका."

नळ बंद झाला. मग ते हसले.

"काय सुधीरराव, आज टिंगलीला आम्हीच सापडलो वाटतं?"

मी म्हटलं, नाही हो, अगदी खरं सांगतोय. ते "बरं बरं" म्हणाले, आणखी थोडं हसले, आणि नळ पुन्हा सुरू झाला.