ऊन नव्हतं लागलं

मे महिन्यात नागपुरात कोणालाही ताप आला की निदान घरच्या घरीच होतं: ऊन लागलं. यांना ताप चढला तेव्हा मीही कैऱ्या उकडायला टाकल्या. यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान. भर दुपारी डोक्याला दुपट्टा न बांधता स्कूटरवरून बेसाला घरी जेवायला येतात. मला चिडायला आयतंच कारण मिळालं.

"काहून ओरडून राहिली वं? डोकं फुटून राहिलं माझं," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मान अखडली. त्याचंही उत्तर आमच्याकडे तयार होतं, कूलर. झोपेत थंड वारा मानेवर घेतल्यावर आणखी काय होणार? मी बाम चोळला. उजेड सोसत नाही म्हणाले, तर उन्हाळ्यात आमच्या घरात उजेड असतोच कुठे! पडदे ओढलेलेच. उलटी झाली, तिचा दोष पन्ह्यावर गेला.

दुपारी जेवायला उठवायला गेले, तर चादरीचं टोक माझ्यापुढे पसरून हे म्हणाले, "घ्या ताई, रंग नाही जात. गॅरंटी."

मला आधी हसू आलं. पण हे पुन्हा तसंच म्हणाले. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकं गोड कधीच बोलला नव्हता. शेजाऱ्यांच्या गाडीतून तडक दवाखाना गाठला.

तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी हनुवटी छातीला लावायला सांगितली. हनुवटी खाली येईना. त्यांनी डोकं उचलून पाहिलं, तर मान न वाकता खांदेच वर आले.

"काकू, हे ऊन नाही. मेंदूच्या आवरणाला सूज आलेली दिसते. मेनिंजायटिस."

लगेच इंजेक्शन सुरू केलं, डोक्याचा स्कॅन काढला. मग म्हणाल्या, खात्री करायला पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागेल.

तोवर खाप्याहून माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, येऊन पोचले होते. "पाठीत सुई टोचू नको देऊ, बाई. माणूस जन्माचा अधू होते."

हा धाक आमच्याकडे सगळ्यांनाच. मलाही होता. भासऱ्यांसमोर मी आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. पण मला ताई म्हणणारा नवरा नको होता, माझा खेकसणारा हवा होता.

"काढा पाणी," मी डॉक्टरांना म्हणाले. भासरे तणतणत बाहेर गेले आणि थोड्या वेळानं माझ्यासाठी चहा घेऊन आले.

पाणी गढूळ निघालं. "यांचा कान वाहतो का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. डावा कान लहानपणापासूनच वाहायचा. हे त्यात लसणाचं तेल घालत आणि डॉक्टरचं नाव काढलं की विषय बदलत. जंतू त्याच वाटेनं आत गेले होते.

औषध लागू पडलं. एका सकाळी डोळे उघडून हे म्हणाले, "दुकान कोण पाहून राहिलं वं?" यांच्या डाव्या बाजूला बसून मी रडले, आणि रडता रडताच यांना चांगलं झापलं. हे नुसतं "काय?" म्हणाले. मी परत बोलले. परत "काय?" डाव्या कानानं ऐकू येणं गेलं होतं.

घरी आलो त्या दिवशी पलंगावरची लग्नापासूनची माझी बाजू मी सोडली आणि यांच्या उजवीकडे जाऊन आडवी झाले. माझं अजून खूप बोलायचं राहिलंय.